चैत्रातलं पाणी

चैत्र लागला की मी दुपारचा गॅलरीत बसत नाही. घरातल्यांना वाटतं, ऊन सोसत नाही. मी त्यांना तसंच वाटू दिलं आहे. लोकांना काय वाटू द्यायचं, याचाच पगार मी आयुष्यभर घेतला. घरातल्या चार माणसांचं काय अवघड? पण उन्हाचं काही नाही. या दिवसांत कडुनिंबाला मोहर येतो, त्याचा कडवट-गोड वास वाऱ्याबरोबर वर येतो, आणि त्या वासाबरोबर एक मुलगी येते. मंदा. हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. ती गेली त्या वर्षी सांगायचं ठरवलं होतं, तेव्हाही दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून मी तिला मुलाच्या बदलीबद्दलच सांगत राहिलो. निवृत्तीच्या समारंभात मी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. एवढं एक घेतलं नाही. आता ऐंशी उलटली. आता टाळायला पुढे फारशी जागा उरलेली नाही.

यंदा मात्र गॅलरी टाळून भागलं नाही. नात, रेवा, आठवडाभर हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती. हिंजवडीतल्या एका कंपनीत तिची मुलाखत होती, कम्युनिकेशन्स विभागात. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा, त्याच्यासमोर बसून हसायचं, स्वतःची ओळख करून द्यायची, मग ते पाहायचं आणि "शी, किती फेक वाटतेय मी" म्हणून पुसून टाकायचं. तिच्या पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री होती. इस्त्रीचा तो वास मला ओळखीचा.

"आजोबा, तुम्ही पीआरमध्ये होता ना? मग विचारा ना मला काहीतरी. टफ विचारा."

"काय विचारू?"

"क्रायसिस. सगळे तेच विचारतात. कंपनीकडून काहीतरी घोळ झालाय, लोक चिडलेत. तू काय करशील?"

मी ते तसंच विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही.

"सगळ्यात आधी एक ट्रस्टेड व्हॉइस शोधेन. लोकल कुणीतरी. म्हणजे लोकांना वाटलं पाहिजे, हे आपल्यातलंच माणूस सांगतंय."

"हे कुणी शिकवलं?"

"अहो आजोबा, बेसिक आहे हे. फर्स्ट सेमिस्टर."

मी म्हणालो, "बरोबर आहे उत्तर." मग तिच्याकडे पाणी मागितलं. तिनं आणून दिलं आणि मी बराच वेळ तो पेला नुसता हातात धरून बसलो.

*

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. मी रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होतो. कारखाना वारज्याच्याही पुढे, जिथे तेव्हा ज्वारी आणि कांदा होता. नातेवाइकांना माझं काम कधी समजलं नाही. सासरे विचारायचे, "म्हणजे नक्की काय करता? लोकांशी बोलता? ते तर आम्हीही करतो, फुकट." संध्याकाळी मी स्वारगेटजवळच्या एका शाळेत शिकवायला जायचो. जनसंपर्काचा पदविका अभ्यासक्रम होता. दिवसा जिथे चौथीची पोरं पाढे म्हणायची, तिथे संध्याकाळी बँकेतले कारकून, एखादा बातमीदार, नोकरी शोधणारे पदवीधर असे सगळे त्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात कुणा बाईंनी लिहिलेला सुविचार असायचा. त्याच्याखाली मी लिहायचो, 'संदेश कोण देतो, यावर तो खरा वाटतो की नाही हे ठरते.'

चैत्रात परीक्षा आणि मुलाखती एकदमच यायच्या. आवारातल्या कडुनिंबाचा मोहर खिडकीतून आत पडायचा आणि वर्गात बुटांच्या पॉलिशचा, खळ घातलेल्या साड्यांचा, घामाचा वास भरून राहायचा. कुणीतरी घरून कैरीची डाळ आणलेली असायची. आमच्याकडे एक रिवाज होता. वर्ष संपताना लुटुपुटूची पत्रकार परिषद भरवायची. एका विद्यार्थ्यानं कंपनीचा प्रवक्ता व्हायचं, बाकीच्यांनी वार्ताहर होऊन त्याला सळो की पळो करून सोडायचं. पेठेतली मुलं त्यात रंगात यायची. टोमणे मारायला त्यांना वर्षातून एकदा अधिकृत परवानगी मिळायची ना.

मंदा कारखान्याशेजारच्याच गावची. गावातली पहिली पदवीधर मुलगी. एसटीनं स्वारगेटला उतरायची, धुळीनं भरलेली पावलं शाळेच्या नळावर धुवायची आणि मगच वर्गात यायची. तिच्याकडे एकच चांगली साडी होती, फिकट निळी. मुलाखतींच्या दिवसांत ती तिला इतकी खळ घालायची की ती बसली की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. तिची परिषद चालू असताना मागच्या बाकावरून एक देशपांडे उठला.

"बाई, आपल्या कंपनीच्या धुरामुळे माझ्या सदऱ्याचा रंग बदलला. यावर आपलं म्हणणं काय हाय?"

'हाय'वर जोर होता. वर्ग हसला. मंदाही हसली. मग म्हणाली, "धूर लांब ऱ्हायला, साहेब. आधी तो सदरा एकदा धुऊन बघा. मग मी आहेच."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी देशपांडेची. मीही वाजवल्या, पण नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं, "उत्तर झकास. पण 'धूर लांब ऱ्हायला' म्हणालीस. राहिला. आणि पाणी म्हण. पानी नाही." वर्षभर मी तेच करत होतो. ती एसटीत खिडकीशी बसून ओठ हलवत सराव करायची, शेजारची बाई म्हणे एकदा तिला म्हणाली, "पोरी, जप करतीस व्हय?" हे तिनंच हसत सांगितलं होतं. तिच्या तोंडात 'आहे' बसवल्याचा मला अभिमान होता. सुतारानं लाकूड तासावं तसं मी तिला तासत होतो, आणि भुसा कुठे पडतोय याकडे माझं लक्ष नव्हतं.

अभ्यासक्रम संपल्यावर मी तिला माझ्या हाताखाली घेतलं. हंगामी. आमच्या विभागात तोवर बाई नव्हती. पहिल्या दिवशी तिचे वडील तिला सोडायला फाटकापर्यंत आले, टोपी काढून मला म्हणाले, "सायेब, आता तुमीच तिचं आईबाप." मी हसून म्हणालो, "काळजी करू नका." किती सहज म्हणालो.

*

पुढच्या चैत्रात कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीला तडा गेला. ओढ्याला दोन दिवस जांभळी झाक होती. ओढ्याच्या काठाला गावाची विहीर. आणि गावची यात्रा तोंडावर आलेली. पाव्हणेरावळे येणार, गावजेवणाच्या कढया चढणार, त्या सगळ्याला पाणी त्या विहिरीचं. गावकरी फाटकाशी आले. त्यांची मागणी साधी होती. यात्रा होईपर्यंत कंपनीनं टँकर पाठवावेत.

टँकर पाठवले असते तर ही गोष्टच नसती. पण बैठकीत प्रश्न निघाला, टँकर पाठवला म्हणजे आपणच कबूल केलं की पाणी खराब आहे. हा मुद्दा साहेबांचा नव्हता. इतकी वर्षं मी तो त्यांच्या नावावर खपवत आलो, मनातल्या मनातसुद्धा. तो मुद्दा माझा होता. व्यवसायाच्या दृष्टीनं तो अचूक होता, आणि साहेब म्हणाले, "वा."

दुपारी कँटीनमध्ये प्रयोगशाळेतले बापट माझ्यासमोर येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "विहिरीचं पाणी मी पुन्हा तपासलं. एकदा बरं आलं, एकदा नाही आलं. यात्रा होऊन जाऊ दे. तोवर लोकांना पिऊ देऊ नका."

"म्हणजे ते नक्की वाईट आहे असं म्हणता?"

"नक्की चांगलं आहे असं म्हणत नाही."

"पण वाईट असल्याचा पुरावा नाही."

बापटांनी माझ्याकडे बघितलं, ताटातली कोशिंबीर चमच्यानं इकडची तिकडे केली आणि म्हणाले, "तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं बोलता, बुवा." मग ताट उचलून गेले. मला बरं वाटलं. मला हवं ते वाक्य मिळालं होतं.

मग आवाज शोधायचा होता. शोधायचा कसला, समोरच्या टेबलावरच बसला होता. मी मंदाला बोलावलं. म्हणालो, गावात सभा आहे, कंपनीतर्फे तू बोल. ही सभा नीट पार पडली की तुझं कायम होणं नक्की. तिचा चेहरा उजळला. आधी उजळला, हे मला लिहिलंच पाहिजे. मग तिनं विचारलं, "पाणी चांगलं आहे ना, सर?"

"तपासलंय," मी म्हणालो.

या उत्तरात खोटं काही नव्हतं. अशी उत्तरं कशी द्यायची हेच मी शिकवत असे.

"आणि हे बघ," मी पुढे म्हणालो, "उद्या तिथे आपलं शाळेतलं बोलू नकोस. त्यांच्यासारखंच बोल."

"म्हणजे पुन्हा हाय म्हणू?" ती हसायला लागली. "वर्षभर घोकून घेतलंत की हो सर!"

"आणि नुसतं सांगू नकोस. सगळ्यांसमोर पहिला पेला तू पी. सांगण्यापेक्षा दाखवणं मोठं."

हे तिनं वहीत लिहून घेतलं. चांगली विद्यार्थिनी होती.

*

देवळापुढे पत्र्याचा मांडव. झेंडूची तोरणं, नव्या रंगाचा वास, एका बाजूला मांडून ठेवलेल्या रिकाम्या कढया. उन्हानं पत्रा तापून मधूनच टणटण वाजायचा. मंदा निळी साडी नेसून उभी होती. तिनं सगळं व्यवस्थित सांगितलं. मी आयुष्यात ऐकलेलं ते सगळ्यांत चांगलं निवेदन. मग तिचे चुलते उठले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. मंदा लहान असताना तिला खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारे हेच.

"मंदे," ते म्हणाले, "तुझ्या सायबाला मी न्हाय इचारत. तुला इचारतो. पानी चांगलं हाय का?"

"चांगलं हाय, तात्या."

विहिरीतून कळशी भरून आली. मंदानं पेला भरला आणि घटाघट प्यायली. तात्यांनी तोच पेला तिच्या हातातून घेतला, भरला, प्यायले, मिशा पुसल्या आणि गावाकडे वळून म्हणाले, "पोरगी प्याली. झालं की आता. चढवा कढया."

गाव हसलं. कुणीतरी माझ्यापुढेही पेला धरला. "सायेब, तुमी बी घ्या की."

"नको," मी म्हणालो, "आत्ताच चहा झालाय."

चहा झाला नव्हता. आम्ही कचेरीतून थेट जीपमध्ये बसून आलो होतो, मी आणि मंदा, शेजारी शेजारी. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठाखाली पाण्याचा थेंब तसाच होता. बघितलं आणि मान परत गावाकडे केली.

परत येताना जीपमध्ये आमच्या मधे माझा घरून आणलेला थर्मास होता. अर्ध्या वाटेत घसा कोरडा पडला. सवयीनं मी झाकण उघडलं आणि पाणी प्यायलो. पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ती बाहेर बघत होती. कापून झालेल्या ज्वारीचे सड, मोकळी रानं. कारखान्याच्या फाटकापर्यंत ती बाहेरच बघत होती.

*

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात उलट्या सुरू झाल्या. पाव्हणे, लेकीबाळी, सासरहून आलेल्या मुली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं जमिनीवर निजलेली. मंदाही त्यांत होती. बहुतेक जण आठवड्याभरात उठले. तात्या उठले नाहीत. पाऊस लागायच्या आत ते गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. म्हणजे तसंही असू शकेल. मला आजही नक्की माहीत नाही. तेवढ्या न माहीत असण्यावर मी वृत्तपत्रांसाठी निवेदन लिहिलं. कंपनीला घडल्या प्रकाराबद्दल खेद आहे, मात्र आजाराचा आणि विहिरीच्या पाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. टँकर मग गेले. जायलाच लागले. माणुसकीच्या नात्यानं, असं मी त्यात लिहिलं होतं.

मंदा बरी होऊन एकदाच कचेरीत आली. अंगावर तीच निळी साडी, या वेळी बिनखळीची. वर्तमानपत्राचं ते पान तिनं वाचलं होतं.

"सर, मी येत नाही उद्यापासून."

"अगं, तुझं कायमचं झालंय. मी स्वतः—"

"निवेदन छान झालंय," ती म्हणाली. "एक शब्द जास्तीचा नाही."

ती गेली. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. नंतर कानावर येत राहिलं. तात्यांच्या घरानं तिच्या घराशी बोलणं सोडलं होतं. 'मंदा म्हणाली म्हणून प्यालो' हे वाक्य गावात जो तो बोलायचा, तिच्यासमोर, तिच्यामागे. तिला पुन्हा कुठे नोकरी मिळाली असती; मी एक फोन केला असता तरी मिळाली असती. तिनं मागितला नाही आणि मी केला नाही. माझं नाव कुणी घेतलंच नाही. घेणार कसं? त्या सभेत मी पाण्याबद्दल एक वाक्यही बोललो नव्हतो. आमच्या कामात चोख काम म्हणतात ते हेच.

आणि हे सर्वांत वाईट. त्यानंतरही मी कितीतरी वर्षं शिकवत राहिलो. चैत्र आला, मोहर पडायला लागला की नव्या मुलांना मी एका सभेचं उदाहरण द्यायचो. नाव, गाव न घेता. स्थानिक मुलगी, तिची बोली, पहिला पेला. मुलं भराभर लिहून घ्यायची. पेल्यापर्यंतच सांगायचो. यात्रेचा दुसरा दिवस मी कधी शिकवला नाही. त्यांतली काही मुलं पुढे स्वतः शिकवायला लागली. रेवा म्हणते ते बेसिक कुठून कुठून फिरत तिच्यापर्यंत आलं असेल, कोण जाणे.

*

हा लेख म्हणजे माफी नव्हे, हे मला कळतं. छापील दिलगिरी ही समोर न जाण्याची सोय असते. मी अशा डझनभर लिहिल्या आहेत. समोर जायचं म्हणून मी गेलो होतो. गेल्याच आठवड्यात, रेवाच्या त्या उत्तरानंतर.

पत्ता शोधावा लागला नाही. निवृत्तीनंतर आम्ही वारज्यात फ्लॅट घेतला. मंदाचं गाव आता इथून रिक्षानं जायच्या अंतरावर आहे. ज्वारीच्या जागी इमारती आहेत. कारखाना कधीच उठला, विहीर बुजवून वर वाहनतळ केला आहे. तिचं घर गल्लीच्या टोकाला. वरच्या मजल्यावर ती गावातल्या मुलींना कंपन्यांच्या मुलाखतींसाठी तयार करते, हे मला ठाऊक होतं. मी जिन्यात थांबलो. वर एक मुलगी अडखळत बोलत होती, मध्येच म्हणाली, "बाई, माझं हाय-न्हाय निघतंच तोंडातनं."

"निघू दे," मंदाचा आवाज. जाड झालेला, पण तोच. "जे बोलतीस ते सोताला म्हाईत हाय का, तेवढं बघ आधी. दुसऱ्यानं सांगितलेलं बोलू नगंस."

मी वर गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाच-सहा मुली. मंदाचे केस पूर्ण पांढरे. तिनं चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि उठून उभी राहिली.

"सर?"

मुलींना तिनं सुट्टी दिली. मला बसवलं. आत गेली आणि पाणी घेऊन आली. आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी देतातच, त्यात विशेष काही नाही. स्टीलचा पेला, काठोकाठ.

"घ्या, सर. फिल्टरचं हाय."

ती समोर उभी राहिली. मी प्यायलो. सगळा प्यायलो. रिकामा पेला खाली ठेवला. ती हे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सुचलं असतं.

"काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "इकडून चाललो होतो."

"इकडनं कुठं, सर? रस्ता आमच्या दारात संपतो."

मी हसल्यासारखं केलं. "बरी आहेस ना?" विचारलं. ती "बरी हाय" म्हणाली. मी येतो म्हणालो आणि कठडा धरून खाली उतरलो. ती वर जिन्याशी उभी होती. मी वळणावर पोचेपर्यंत उभी असावी. पावलं आत गेल्याचा आवाज आला नाही.

रिक्षात बसल्यावर ते वाक्य तोंडातून निघालं. कित्येक चैत्र पाठ केलेलं. मंदा, मला बापटांनी सांगितलं होतं. तरी मी तो पेला तुझ्या हातात दिला आणि स्वतः प्यायलो नाही. चूक माझी होती. मला माफ कर.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.

"मला काही म्हणालात का, काका?"

"नाही हो," मी म्हणालो. "तुम्हाला नाही."